सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानाने अंतर नेमकं किती आणि प्रवासाला किती तास लागतात?

आधी थोडक्यात उत्तर. सिंगापूरचा चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ हे अंतर १५,३४९ किलोमीटर आहे आणि थेट विमानाला साधारण साडेअठरा ते एकोणीस तास लागतात. नियमित चालणाऱ्या विनाथांबा सेवांमधली ही जगातली सर्वांत लांब सेवांपैकी एक आहे.

तुमचा गोंधळ मात्र एवढ्याने मिटणार नाही, कारण तुम्ही लिहिलंय की एका ठिकाणी १५,३४९ दिसलं, दुसरीकडे ९,५३७ आणि तिसरीकडे ८,२८८. शिवाय तिकिटावर जाताना दुपारी १२ ला निघून त्याच दिवशी संध्याकाळी ६.३० ला पोहोचणार असं छापलंय आणि येताना सोमवारी रात्री १०.३० ला निघून बुधवारी पहाटे ५.१० ला. म्हणजे जायला साडेसहा तास आणि यायला एकतीस, असं कसं? आणि आईला सोबत न्यायचंय, तर थेट विमान घ्यावं की मध्ये थांबा असलेलं, असंही विचारलंय. मी बरीच वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि हा प्रवास दोन्ही बाजूंनी एकदा केला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तीन आकड्यांचं कोडं सोपं आहे. तिन्ही बरोबर आहेत, एककं वेगळी आहेत. १५,३४९ किलोमीटर म्हणजेच ९,५३७ मैल आणि म्हणजेच ८,२८८ सागरी मैल. वैमानिक आणि खलाशी सागरी मैलात मोजतात, कारण एक सागरी मैल (१.८५२ किलोमीटर) म्हणजे अक्षांशाचा एक मिनिट, अंशाचा साठावा भाग. नकाशावरचे अंश थेट अंतरात बदलता येतात, म्हणून ते माप टिकून राहिलं. कुठे १५,३४४ किलोमीटर दिसलं तर तो आकडा जवळच्याच नेवार्क विमानतळापर्यंतचा समजा. आणि दहा-एक किलोमीटरचा फरक दिसला तर बहुधा कुणीतरी पृथ्वी अगदी गोल धरून हिशोब केलाय. ती ध्रुवांशी किंचित चपटी आहे.

आता हे अंतर येतं कुठून, ते तुम्ही स्वतः काढून बघा. कागद-पेन्सिल पुरे, आणि दोन्ही शहरं अशा जागी बसली आहेत की हिशोब तोंडी होतो. न्यूयॉर्क सुमारे ७४ अंश पश्चिम रेखांशावर आहे, सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशावर. बेरीज १७८. म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत. अशा वेळी जवळचा रस्ता पूर्वेलाही नसतो, पश्चिमेलाही नसतो, तो उत्तर ध्रुवावरून जातो. न्यूयॉर्कचा अक्षांश ४०.६ उत्तर, सिंगापूरचा १.४ उत्तर. १८० मधून हे दोन्ही वजा करा, उरले १३८ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की १५,३४५ किलोमीटरच्या आसपास येतात. वर्गात मुलांनी हा गुणाकार केला आणि छापील आकड्याशी ताडून पाहिला, की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते मला अजून आठवतं.

पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा. दोरा न्यूयॉर्कहून माँट्रियलच्या बाजूने वर जाईल, उत्तर ध्रुवाच्या तीनशे किलोमीटरच्या आतून पलीकडे उतरेल, मग सायबेरिया, बैकल सरोवराची पश्चिम बाजू, मंगोलिया, चीनचा सिचुआन प्रांत, लाओस-थायलंड असं करत सिंगापूरला येईल. आता भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून हीच दोन शहरं जोडा. रेघ श्रीलंका, येमेन, सहारा आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. दिसायला सरळ, पण विमान खरंच त्या रेघेवरून गेलं तर सुमारे १८,५०० किलोमीटर होतील, म्हणजे तीन हजारांहून जास्त फुकटचे. हा नकाशा मर्केटरने १५६९ साली केला तो जहाजांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून चालायचं तर तो उत्तम आहे. पण त्यात ध्रुव दाखवताच येत नाही, आणि आपल्याला हवा असलेला रस्ता नेमका तिथूनच जातो. म्हणून लांबच्या दोन शहरांमधलं अंतर सपाट नकाशावर कधीच मोजू नका.

तिकिटावरच्या वेळा. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावातल्या घड्याळाची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावातल्या घड्याळाची. दोन्ही वेळा एका घड्याळावर आणल्याशिवाय वजाबाकी करायची नाही. उन्हाळ्यात सिंगापूर न्यूयॉर्कच्या १२ तास पुढे असतं. सिंगापूरला दुपारचे १२ वाजलेले असताना न्यूयॉर्कला त्या तारखेची नुकतीच सुरुवात झालेली असते, मध्यरात्रीचे १२. तिथून संध्याकाळचे साडेसहा म्हणजे साडेअठरा तास. हाच तुमचा जातानाचा वेळ. येताना सोमवारी रात्री १०.३० ते बुधवारी पहाटे ५.१० म्हणजे दिसायला ३० तास ४० मिनिटं, त्यातून १२ काढा, उरले १८ तास ४० मिनिटं. दोन्ही प्रवास जवळजवळ सारखेच आहेत. हिवाळ्यात अमेरिकेत घड्याळं एक तास मागे नेतात, सिंगापूरमध्ये तसं करत नाहीत, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हा फरक १३ तासांचा होतो. तुमची तारीख त्या काळात असेल तर १२ ऐवजी १३ धरा. आणि परत आल्यावर कुणी विमानतळावर घ्यायला येणार असेल तर त्यांना "बुधवारी पहाटे" असं वारासकट सांगा. मधला मंगळवार तुमचा आकाशातच जाणार आहे, आणि घ्यायला येणारी माणसं हमखास मंगळवारीच येऊन उभी राहतात.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. १५,३४९ किलोमीटर हे अंतर पक्कं आहे, पण तुमचं विमान तेवढंच उडेल असं मुळीच नाही. बहुतेक वेळा ते जास्त उडतं, आणि जास्त उडूनही लवकर पोहोचतं.

प्रवासी जेट विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने जातं. त्या उंचीवरच्या गारठ्यात हे ताशी साधारण ९०० किलोमीटर होतात. १५,३४९ भागिले ९००, म्हणजे १७ तास. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, उतरल्यावर फाटकाशी लागणं हे सगळं धरलं की अठराच्या आसपास. पण हा ९०० चा वेग हवेच्या तुलनेतला आहे, आणि हवा स्वतः जागेवर उभी नसते. मध्य अक्षांशांवर, विमानं उडतात जवळजवळ त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद, जोरकस पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग तिथे नेहमीचाच, हिवाळ्यात त्याहून बराच जास्त. अशा वाऱ्यात विमान शिरलं की जमिनीच्या तुलनेतला त्याचा वेग तेवढ्याने वाढतो, आणि उलट दिशेने गेलं तर तेवढ्याने घटतो.

मग नियोजन करणारे काय करतात? समजा विमान सिंगापूरहून ध्रुवाकडे न जाता जपानच्या बाजूने प्रशांत महासागरावर गेलं. हा रस्ता टोकियोवरून मोजला तर सुमारे १६,२०० किलोमीटर होतो, म्हणजे साडेआठशे किलोमीटरचा वळसा. पण पूर्ण रस्ताभर सरासरी ताशी ८० किलोमीटर जरी वारा पाठीशी मिळाला तरी १६,२०० भागिले ९८०, म्हणजे साडेसोळा तास. जवळच्या रस्त्याला सतरा, लांबच्या रस्त्याला साडेसोळा. त्यामुळे सिंगापूरहून निघालेलं विमान बहुधा पूर्वेला प्रशांत महासागरावर वळतं. येताना तेच वारे आडवे येतील, म्हणून न्यूयॉर्कहून निघालेलं विमान त्याच वाटेने परत न येता अनेकदा पुन्हा पूर्वेलाच, अटलांटिक ओलांडून युरोपवरून येतं. माझ्या प्रवासात दोन्ही वेळा असंच झालं. समोरच्या पडद्यावर पाहत होते, जाताना जपान आणि कॅनडा, येताना अटलांटिक आणि युरोप. घरी येऊन पृथ्वीगोलावर दोरा फिरवला तेव्हा लक्षात आलं की दोन तिकिटांत मी पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घातली, आणि तीही सतत पूर्वेकडे जात. इतकी वर्षं हे शिकवलं होतं, तरी तो दोरा परत सुरुवातीच्या ठिकाणी येऊन मिळाला तेव्हा अंगावर काटा आला.

रस्ता रोज नव्याने ठरतो, हे लक्षात ठेवा. निघण्याच्या काही तास आधी त्या दिवशीच्या वाऱ्यांचा अंदाज घेऊन आराखडा बनतो, त्यामुळे काल गेलेलं विमान आणि आज जाणारं विमान शेकडो किलोमीटर वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. वेळापत्रकातल्या आकड्यात हा चढउतार आधीच धरलेला असतो. तुम्ही अर्धा तास लवकर पोहोचलात किंवा वीस मिनिटं उशिरा, तर त्याचं कारण बहुधा वाराच असतो.

या वाऱ्यांचा शोध कसा लागला, तेही सांगण्यासारखं आहे. १९२० च्या दशकात जपानमध्ये तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी हे हवामानशास्त्रज्ञ आकाशात फुगे सोडून त्यांचा माग काढत असत. जपानच्या वर हिवाळ्यात विलक्षण वेगाचा पश्चिमी वारा वाहतो हे त्यांनी मोजून दाखवलं. जगभरातल्या लोकांना वाचता यावं म्हणून त्यांनी अहवाल लिहिला एस्पेरांतो या सगळ्या देशांतल्या लोकांसाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत, आणि जगाने तो वाचलाच नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर फार उंचीवरून जाऊ लागली तेव्हा वैमानिकांना हा वारा प्रत्यक्ष भेटला, तोही असा की समोरून आला तर विमान जागीच थबकल्यासारखं वाटावं. एवढं चांगलं काम वीस वर्षं कपाटात पडून राहिलं याची मला आजही हळहळ वाटते. तुमचं विमान जपानजवळून जाईल तेव्हा ओइशींच्या त्याच वाऱ्यात असेल.

वाऱ्याचा जोर किती असू शकतो याचं उदाहरण हवं असेल तर फेब्रुवारी २०२० आठवा. युरोपात किआरा नावाचं वादळ होतं आणि अटलांटिकवरचा जेट प्रवाह खवळलेला होता. ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर, एरवी साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीचा वेग त्याने ओलांडला नव्हता, कारण ज्या हवेत ते उडत होतं ती हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

इथे एक शंका दरवर्षी वर्गात यायची, तुमच्याही मनात आली असेल. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणारं विमान नुसतं वर तरंगत राहिलं तरी खालून गाव पुढे यायला नको का? विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते, म्हणून हा विचार पटतोही. पण वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं, आणि जमिनीवर उभं असलेलं विमानही तो वेग घेऊनच वर उठतं. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदा कुणालाच मिळत नाही. मिळतो तो आडून. विषुववृत्ताकडची हवा उबदार, ध्रुवाकडची थंड, आणि या फरकामुळे सरकू पाहणारी हवा पृथ्वीच्या फिरण्याने वळवली जाते, त्यातूनच हे पश्चिमी जेट प्रवाह तयार होतात. हिवाळ्यात तापमानाचा फरक वाढतो, म्हणून वारेही वाढतात.

वाऱ्याखेरीज आणखी अडथळे असतात. देश आपलं आकाश बंद करू शकतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ-दहा तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. शहरं जागच्या जागी, अंतर तेवढंच, पण सायबेरियावरचा सरळ रस्ता गेला आणि विमानांना ध्रुवावरून वळसा घ्यावा लागला. दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक नियम आहे. एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात गाठता येईल असा विमानतळ रस्त्यात सतत आवाक्यात हवा. १९५३ मध्ये अमेरिकेत ही मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये १२० झाली, आणि इंजिनं जसजशी भरवशाची होत गेली तसतशी वाढत गेली. ती वाढली नसती तर आजची दोन इंजिनांची विमानं प्रशांत महासागरावरून एवढ्या मोकळेपणाने गेली नसती.

थेट की थांबा घेऊन, याचं उत्तर इंधनात दडलंय. या मार्गावर एअरबस ए३५०-९०० यूएलआर (अतिलांब पल्ल्याची आवृत्ती) हे विमान चालतं. त्याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं, म्हणजे साधारण १३० टन, आणि उड्डाणाच्या वेळी पूर्ण विमानाचं कमाल वजन २८० टन असतं. उडताना जवळजवळ निम्मं विमान म्हणजे नुसतं इंधन. आणि शेवटच्या तासाला लागणारं इंधन आधीचे सतरा-अठरा तास वाहून न्यावं लागतं, त्या वाहण्यालाही इंधन लागतं. याच कारणाने याआधीची सेवा टिकली नाही. २००४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने चार इंजिनांच्या ए३४०-५०० ने नेवार्कला थेट उड्डाणं सुरू केली होती, ती २०१३ मध्ये बंद झाली. नवं, कमी इंधन खाणारं विमान आल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये ती परत आली. वजन आवरायला या विमानात फक्त १६१ आसनं ठेवली आहेत, ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी त्यात नाहीच. म्हणून थेट विमानाचं तिकीट एवढं महाग दिसतं.

थांब्याचा पर्याय म्हणजे फ्रँकफर्टमार्गे. सिंगापूर ते फ्रँकफर्ट सुमारे १०,३०० आणि पुढे न्यूयॉर्क ६,२०० किलोमीटर, एकूण १६,५०० च्या आसपास. थेट अंतरापेक्षा जेमतेम अकराशे-बाराशे जास्त. पण दोनदा चढणं-उतरणं आणि मधला थांबा धरून साधारण चोवीस तास जातात. तिथे साधी इकॉनॉमी मिळते.

आईचं वय किंवा तब्येत तुम्ही लिहिलेली नाही, त्यामुळे माझं मत तेवढ्यापुरतंच घ्या. चालण्या-फिरण्याचा त्रास नसेल आणि खर्च झेपत असेल तर थेट विमान घ्या. पाच-सहा तास वाचतात, पाय पसरायला थोडी जास्त जागा मिळते, आणि अर्ध्या झोपेत परक्या विमानतळावर उतरून फाटक शोधण्याची दगदग टळते. माझ्या अनुभवात माणूस थकतो तो या धावपळीने. पण एवढा वेळ सलग बसणं सोपं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार तास किंवा त्याहून जास्त बैठ्या प्रवासाने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो असं दिसलं. मूळ धोका लहान आहे, तरी पायाला सूज येत असेल, हृदयाचा आजार असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि पायांवर दाब देणारे घट्ट पायमोजे घालावेत का तेही विचारून घ्या. मधल्या वाटेलगतची जागा मागा, म्हणजे दर दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारता येते. पाणी थोडं थोडं पीत राहायला लावा. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा आणि त्यांच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा, कारण १२ तासांच्या फरकात "सकाळची गोळी" नेमकी केव्हाची हा प्रश्न विमानात सुटत नाही.

आणि विमान सुटल्यावर आईच्या समोरच्या पडद्यावर नकाशा लावून द्या. पहिल्या दोन-तीन तासांत विमान फिलिपाइन्सच्या बाजूने जपानकडे निघालं तर तुम्ही वाऱ्याच्या रस्त्याने चाललात. नाक सरळ उत्तरेला, चीनच्या दिशेने राहिलं तर त्या दिवशी दोऱ्याच्या जवळचा रस्ता बरा ठरला असेल. कोणत्या वाटेने गेलात ते परत आल्यावर इथे लिहाल का? मला खरंच जाणून घ्यायला आवडेल.